पाच वाजताची जोडणी

रोह्याच्या कारखान्यात माझ्या खोलीच्या दारावर 'संगणक विभाग' अशी पितळी पाटी होती. विभाग म्हणजे मी, एक सर्व्हर, एक लाइन प्रिंटर आणि खिडकीतला एसी. एसी सर्व्हरसाठी होता. हे मला रुजू झालो त्याच दिवशी सांगण्यात आलं, म्हणजे पुढे गैरसमज नको. उन्हाळ्यात दोन-तीन अधिकारी काहीतरी विचारण्याच्या निमित्ताने येऊन दारात उभे राहत आणि घाम वाळला की उत्तर न ऐकताच निघून जात. पावसाळा लागला की तेही बंद.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. मी देशावरून आलेला, रोह्यात ओळखीचं कुणी नाही. नदीकडच्या आळीत एक खोली भाड्याने घेतली होती आणि दोन वेळचं जेवण खानावळीत. खानावळीचे मालक भाजी वाढताना "अजून?" एवढंच विचारत. कित्येक दिवशी तेच माझं सर्वांत घरगुती संभाषण असे. संध्याकाळी वाचनालयातलं पुस्तक. निवडायला कुणाचा सल्ला नव्हता, म्हणून मी कपाटाच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली होती आणि उजवीकडे सरकत होतो. त्यामुळे मधमाशीपालन, मराठेशाहीचा इतिहास आणि नाटकं असं सगळं माझ्या डोक्यात एकमेकांना खेटून बसलं.

माझं काम यंत्र चालू ठेवण्याचं. हे काम नीट झालं तर दिसत नाही, बिघडलं तरच दिसतं. दिवसभर त्याच त्या आज्ञा टाइप करायच्या. डिस्क किती भरली ते बघायचं, जुन्या फाइली काढून टाकायच्या, डेटाबेसची नक्कल टेपवर घ्यायची, ती खरंच उतरली का ते तपासायचं. शिफ्ट सुटली की सुपरवायझर मंडळी टर्मिनलमधून बाहेर न पडताच त्याचं बटण बंद करून घरी जात. सर्व्हरच्या लेखी ती माणसं आतच बसलेली राहत आणि दुसऱ्या शिफ्टच्या लोकांना जागा मिळत नसे. मग मला बोलावणं येई.

कंटाळून मी स्क्रिप्ट लिहायला लागलो. स्क्रिप्ट म्हणजे फार काही नाही. रोज हाताने द्यायच्या आज्ञा एका फाइलीत एकीखाली एक लिहून काढायच्या, 'असं झालं तर हे कर, नाही तर ते कर' एवढी समज त्यात घालायची आणि यंत्राला सांगायचं की अमुक वाजता ही फाइल वाच आणि तसं वाग. यंत्र वागतं. त्याला त्या दिवशी घरी काही झालेलं नसतं. पहिली स्क्रिप्ट मी त्या घरी गेलेल्या सुपरवायझरांना बाहेर काढण्यासाठी लिहिली. ती दर थोड्या वेळाने आत फेरी मारून रिकाम्या खुर्च्या मोकळ्या करी. दुसरी डिस्क भरत आली की प्रिंटरवर चार ओळींची सूचना छापी. तिसरी टेपची.

चौथी स्टोअरच्या कारकुनासाठी होती. हा गृहस्थ रोज सकाळी मालाचा तक्ता न्यायला माझ्याकडे यायचा आणि प्रिंटर खडखडत असताना त्याच्या स्कूटरचं दुखणं मला सांगायचा. मला स्कूटरमध्ये रस नव्हता, पण ऐकायला बरं वाटे. मग मी स्क्रिप्ट लिहिली आणि तक्ता सकाळी आपोआप त्याच्याच टेबलाशेजारच्या प्रिंटरवर छापून येऊ लागला. पुढे तो मला कँटीनमध्ये भेटला. "फार छान काम केलंत," तो म्हणाला, "आता तुमच्याकडे यायची गरजच राहिली नाही." त्याने मनापासून माझा हात हातात घेतला. स्कूटरचं शेवटी काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

अशा रीतीने मी एकेक करून सगळ्यांची सोय केली आणि माझ्या खोलीत येणारं कुणी उरलं नाही. उरला फक्त पाच वाजताचा फोन.

कारखान्याचा माल महामार्गालगत ठेवावा म्हणून कंपनीने पेणला रामवाडीत एक गोदाम घेतलं होतं. त्याला डेपो म्हणत. तिथे एक बाई कारकून होत्या. दिवसभरात किती गाड्या भरल्या, किती पिंपं गेली, हे त्या तिथल्या छोट्या कॉम्प्युटरवर भरत. ती माहिती रोज संध्याकाळी टेलिफोनच्या तारेवरून रोह्याच्या सर्व्हरवर यायची. दोन्हीकडे मोडेम नावाची डबी होती, फोनची लाइन तिला जोडलेली. पाच वाजता मी कारखान्याच्या टेलिफोन ऑपरेटरमार्फत डेपोला फोन लावायचा, बाईंनी नोंदी पूर्ण झाल्याचं सांगायचं, मग त्यांनी त्यांच्या डबीचं बटण दाबायचं, मी माझं, आणि दोघांनी फोन ठेवून द्यायचा. पुढचं डब्या आपसात शिट्ट्या घालून ठरवत. कामाचं बोलणं एवढंच. पण बटण दाबायच्या आधी बाई बोलत.

"हॅलो, पेण डेपो."

"बाई, रोहा."

"बोला भाऊ. पाच गाड्या गेल्या. सहावीचा डायवर जेवायला गेलाय तो सासुरवाडीला गेल्यावानी बसलाय. जेवलात काय?"

"जेवलो."

"काय होतं?"

"वांगं."

"परत? तुमच्या खानावळवाल्याला वांग्यानी करणी केली काय?"

त्या खाडीकडच्या गावातल्या, मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या. वयाने माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी मोठ्या असाव्यात. अंदाज आवाजावरून, कारण मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. मीठ कधी धरतं आणि अवकाळी सरीने कसं विरघळतं, सासूला कुठला मासा चालतो आणि कुठल्यावर ती नाक मुरडते, हे मला त्यांच्याकडून कळलं. रामवाडीची तर खडान्‌खडा बातमी मला असायची. त्याचं कारण डेपोचा फोन. त्या रस्त्यावर फोनसाठी अर्ज केलेले पुष्कळ होते, फोन मिळालेला एक आमच्या डेपोला. म्हणून आजूबाजूच्या सगळ्यांनी, गणपतीच्या कारखानदारांनी तर पाटीवरसुद्धा, आमचाच नंबर देऊन पुढे 'पी.पी.', म्हणजे शेजाऱ्याचा फोन, असं लिहिलं होतं. फोन आला की बाई उठत, छत्री घेत, हाक मारत.

"मुंबईच्या मंडळाचा फोन," त्या सांगत. "म्हने आमच्या मूर्तीचा डावा हात जरासा वर घ्या. मी म्हटलं, अवो मी काय देवाचा हात धरू? थांबा, बोलावते कारागिराला."

मी हसत असे. एकटं हसणं आणि फोनवर हसणं यात फरक आहे, आणि तो त्या खोलीत मला रोज पाच वाजता कळे. दिवसभरात माझ्याकडून काही नको असताना माझ्याशी बोलणारं माणूस ते एवढंच. दुपारी चार वाजले की मी दिवसातल्या गोष्टी गोळा करू लागे, बाईंना सांगता येण्यासारखी एखादी तरी सापडते का म्हणून. बहुधा सापडत नसे. मग वांग्यावर भागवावं लागे.

त्या वर्षी पावसाच्या तोंडावर मुख्य कार्यालयातून नवे मोठे साहेब आले. मुंबईहून गाडीने निघून, वाटेत कोलाडला नाश्ता करून ते दुपारी पोचत आणि उशीर झाल्याबद्दल रस्त्याला दोष देत. त्यांनी माझ्या खोलीची पाहणी केली. एसी जरा वाढवायला सांगितला.

"एक बटण दाबायला रोज दोन माणसं फोनवर लागतात?" त्यांनी विचारलं.

"बटणं दोन आहेत."

"तर मग दोन्ही काढा. मशीन मशीनला फोन करेल. होईल ना?"

होणार होतंच. अवघडही नव्हतं. विरोधाला कारण हवं आणि माझ्याकडे लिहून देण्याजोगं कारण नव्हतं. 'पाच वाजता बोलायला बरं वाटतं' हे अहवालात कुठल्या मथळ्याखाली घालायचं?

मी स्क्रिप्ट लिहिली. पाचच्या जरा आधी पेणचा कॉम्प्युटर आपल्या मोडेमला सांगायचा की आता येणारा फोन तू उचल. पाच वाजता रोह्याचा सर्व्हर, मोडेमला नव्याने दिलेल्या थेट लाइनीवरून, नंबर फिरवायचा, माहिती घ्यायचा, ओळी मोजायचा, डेटाबेसात भरायचा आणि 'जोडणी पूर्ण' असं नोंदवून ठेवायचा. लाइन मिळाली नाही तर थोडं थांबून परत, असं तीनदा. मला ती स्क्रिप्ट आवडली होती, हेही सांगायला हवं. नीटनेटकी होती.

शेवटच्या फोनवर मी बाईंना सांगितलं, "उद्यापासून मशीनच फोन करेल."

"मंग मी काय करू?"

"काही नाही. उचलायचा नाही."

"वाजला तरी?"

"दोनदा वाजला की डबी उचलेल."

"फोन वाजतोय आनि आपन नुसतं बघत बसायचं. बरं हाय," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं.

उद्घाटन झालं. दारावर कापडी फलक, 'स्वयंचलन सप्ताह'. पाटीला झेंडूचा हार. साहेबांनी उंबऱ्यावर नारळ फोडला आणि त्याचं पाणी सर्व्हरच्या वायरकडे निघालं. मी प्रिंटरचा कागद पसरून ते अडवलं, तो फोटोत आला आहे. भाषणात साहेब म्हणाले की आजपासून या प्रक्रियेत मानवी हस्तक्षेप शून्य. टाळ्या झाल्या. मला पुष्पगुच्छ मिळाला. तो ठेवायला खोलीत पाण्याचं भांडं नव्हतं, म्हणून खानावळीत नेला. मालकांनी "अजून?" असं विचारलं नाही, "लग्न ठरलं काय?" असं विचारलं.

काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मोडेमच्या डबीत एक बारका स्पीकर होता. जोडणी होईपर्यंत लाइनीवर जे काही चालू असेल ते त्यातून ऐकू यायचं. नंबर फिरण्याची टकटक, पेणला वाजणारी घंटी, मग शिट्टी, मग शांतता. पाच वाजता मी खुर्चीत बसून ते ऐके. मग पडद्यावर 'जोडणी पूर्ण' आणि दिवस संपला.

श्रावण लागला आणि जोडणी तुटायला लागली. आधी मी पावसाला दोष दिला, कारण पावसाळ्यात लाइनीवर खरखर असायचीच. पण नोंदीत खरखरीचा उल्लेख नव्हता. आमचा मोडेम जरा महागातला होता. पलीकडे डबी आहे की माणूस हे त्याला ओळखता यायचं. माणूस निघाला तर तो 'व्हॉइस' एवढा शब्द नोंदवून फोन ठेवून देई, आणि माझी स्क्रिप्ट त्यापुढे 'जोडणी अयशस्वी' असं लिही. तीन प्रयत्न, तीनदा 'व्हॉइस'.

त्या दिवशी मी स्पीकरजवळ कान नेला. एक घंटी वाजली आणि दुसरी वाजायच्या आत फोन उचलला गेला.

"हॅलो, पेण डेपो. कोन हाय?"

खट. मोडेमने फोन ठेवला होता. थोड्या वेळाने पुन्हा नंबर फिरला.

"हॅलो! कोन बोलतंय? कुनाला देऊ?"

खट. तिसऱ्या वेळी आधी मागे कुठेतरी पॉलिश पेपर घासल्याचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "ओ भाऊ, तुमीच ना? बोलत का नाय?"

मी बोललो असतो. पण मोडेमला स्पीकर होता, माइक नव्हता. आणि तोवर फोन ठेवलाही होता. पडद्यावर आलं, व्हॉइस, जोडणी अयशस्वी.

स्पीकर बंद करायची आज्ञा एका अक्षराची असते. मी ती दिली नाही. पुढचे काही दिवस पाच वाजता मी ते ऐकत राहिलो. एक आवाज माझ्या खोलीत येई आणि मी लिहिलेली स्क्रिप्ट त्याला त्रुटी समजून हाकलून देई.

मुख्य कार्यालयात तक्ते जुळेनात तेव्हा साहेबांचा फोन आला. "ती बाई उचलतेय. तिला मेमो द्या. आणि तो पी.पी. प्रकार बंद करून टाका, कंपनीचा फोन आहे, ग्रामपंचायतीचा नाही. तुम्ही पेणला जा आणि काय ते मिटवून या."

नागोठण्यावरून जाणाऱ्या एसटीने मी पेणला गेलो. रामवाडीत रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅस्टिकच्या कापडाखाली पांढरे गणपती ओळीने वाळत होते. म्हणजे वाळत नव्हते. हवाच ओली होती आणि कारागीर त्यांच्यावर बल्ब लावून बसले होते. डेपोच्या ओटीवर बाकडं होतं, त्यावर चार-पाच माणसं फोनची वाट बघत होती.

बाई ठेंगण्या, जाड चष्म्याच्या होत्या. मी मनात उंच बाई धरून चाललो होतो. मला बघून त्या उभ्या राहिल्या, पदराने खुर्ची पुसली आणि म्हणाल्या, "या साहेब, बसा."

साहेब. मी "नाही, नाही" म्हणालो आणि बसलो. इतके महिने रोज बोललेलो आम्ही, पण समोरासमोर मध्ये टेबल होतं, त्यावर ती डबी होती, बाकड्यावरची माणसं ऐकत होती. त्यांनी विचारलं, प्रवास बरा झाला काय. मी म्हटलं, झाला. फोनवर त्या मला जेवणाचं विचारत. इथे त्यांनी ते विचारलं नाही.

तेवढ्यात पाच वाजत आले आणि फोन खणखणला. पहिल्याच घंटीला बाईंनी झडप घातली.

"हॅलो! व्हय, व्हय. हाय इथंच." त्यांनी बाकड्याकडे रिसीव्हर केला. "घ्या, तुमचं मंडळ."

मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, आता सांगते. पाच वाजता मुंबईची ऑफिसं सुटाय लागतात, तवाच ही मंडळवाली फोन करतात. तुमची डबी उचलते आनि त्यांच्या कानात किंचाळते. एकानं तर इचारलं, कारखान्यात आग लागली काय, भोंगा वाजतोय. दुसरा म्हनला, पेणचा फोन पिसाळलाय. गिऱ्हाईक दुसरीकडं जायाला लागलं. म्हनून मी उचलते."

"माहिती अडकते ना, बाई."

"तुमची पिंपं काय, आज नाय मोजली तर उद्या मोजाल. गनपती उद्या बसवतील काय?"

बाकड्यावरून कुणीतरी "बरोबर हाय" म्हणालं. मेमो खिशात होता तो मी तिथेच राहू दिला. या अडचणीवर उपाय मी एसटीतच शोधून ठेवला होता. तसा तो पहिल्या दिवसापासून समोर होता. मीच त्याच्याकडे बघत नव्हतो. स्क्रिप्टला वेळेचं सोयरसुतक नसतं. पाचाऐवजी पहाटेची वेळ घातली की झालं. पहाटे रामवाडीत फोन करणारं कुणी नाही, डबी निवांत उचलेल. एका ओळीतला एक आकडा बदलायचा.

मी ते समजावून सांगितलं. बाईंनी चष्म्यातून डबीकडे पाहिलं.

"म्हंजे पी.पी. चालू ऱ्हाईल?"

"राहील."

"आनि पाच वाजता तुमचा नाय येनार."

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चा घ्या, साहेब."

मी चहा घेतला. परत येताना एसटीत खिडकीची काच बसत नव्हती आणि अर्धा खांदा भिजला.

आकडा बदलला. तक्ते जुळले. सकाळी आलो की पडद्यावर 'जोडणी पूर्ण' लिहिलेलं असे. रात्रीतून कुणीतरी येऊन काम उरकून गेल्यासारखं. साहेबांनी परिपत्रकात माझा उल्लेख केला. पाच वाजता आता खोलीत फक्त एसी बोलत होता, तोही सर्व्हरशी.

मी स्वतः फोन करायला हरकत काय होती? होती. पेणला फोन म्हणजे एसटीडी. थेट लाइन मोडेमची, तिला रिसीव्हर नव्हता; मी करायचा तर तो टेलिफोन ऑपरेटरमार्फत लावायचा, आणि ऑपरेटर त्याच्या नोंदवहीत फोनचं कारण लिहून घ्यायचा. इतके दिवस कारण होतं. ते मीच काढून टाकलं होतं, टाळ्यांच्या गजरात.

गणपती होऊन गेले. एका संध्याकाळी पाचच्या सुमारास मी ऑपरेटरला म्हटलं, "पेण डेपो द्या."

"कारण काय लिहू?"

"तपासणी."

"कसली?"

"मोडेमची."

"ते तर आपोआप झालं ना? नारळ फोडलात की," तो म्हणाला, पण त्याने लाइन दिली.

"हॅलो, पेण डेपो."

"बाई, रोहा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "काय बिघडलं?"

"काही नाही. बिघडलं काहीच नाही."

"मंग?"

मी पुढचं ठरवून ठेवलं नव्हतं. म्हणालो, "डबीवरचा हिरवा दिवा लागलेला आहे का, ते बघून सांगाल?"

"ते तुमच्या मशीनला कळत असंल की."

"कळतं. पण माणसाने बघितलेलं बरं."

"रोज बघायचा?"

"रोज बघितला तर उत्तम."

डबी बाईंच्या हाताशी, फोनच्या शेजारीच असायची. ती मी टेबलावर माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. बघायला मान वळवावी लागली असती, एवढंच.

"थांबा भाऊ," त्या म्हणाल्या, "जाऊन बघून येते," आणि त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी ऐकत राहिलो. महामार्गावरून एक ट्रक गेला. ओटीवर कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. बाकडं सरकलं. ऑपरेटरने मध्येच विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "नाही, तपासणी चालू आहे."